मदत हवी आहे: मज्जारज्जूच्या जुन्या इजेवर स्टेम सेल उपचार

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाच्या मज्जारज्जूला छातीच्या पातळीवर इजा झाली, त्याला वर्ष उलटून गेलं. कमरेखाली संवेदना नाही, हालचाल नाही. एशिया श्रेणी 'ए', म्हणजे मज्जारज्जूच्या इजेची तीव्रता मोजायच्या मोजपट्टीवर पूर्ण इजा. फिजिओथेरपी नेटाने चालू आहे. आता एका खासगी केंद्राने त्याच्याच अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल काढून पाठीत टोचायचं सुचवलंय. पैसे आधी भरायचे, आणि 'फरक पडणारच' एवढं तोंडी आश्वासन.

जमेल तेवढं वाचलं. जपानने २०१८ मध्ये स्टेमिरॅकला, म्हणजे रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या स्टेम सेलपासून बनवलेल्या उपचाराला, सशर्त मान्यता दिली, पण अभ्यासात रुग्ण फक्त १३ आणि तुलनेसाठी दुसरा गटच नाही. जपानच्याच केओ विद्यापीठाच्या आयपीएस पेशींच्या (साध्या पेशींना पुन्हा स्टेम सेलसारखं बनवलेल्या) चाचणीत चौघांपैकी दोघांत सुधारणा दिसली. तिथे मात्र पेशी इजेनंतर १४ ते २८ दिवसांत सोडल्या होत्या. सुरुवातीच्या महिन्यांत थोडी सुधारणा आपोआपही होते, मग श्रेय कशाला द्यायचं? जुन्या इजेत तर व्रण तयार झालेला असतो आणि तो मज्जातंतूंच्या वाढीला आडवा येतो. माझी खरी अडचण इथेच आहे.

तुमच्यापैकी कोणी जुन्या, पूर्ण इजेसाठी हा उपचार घेतलाय का? आधीची आणि नंतरची एशिया तपासणी त्रयस्थ डॉक्टरांनी केली होती का? वेदना किंवा स्नायूंचा ताठरपणा वाढला का? लघवी-शौचावर थोडा जरी ताबा आला असेल तरी सांगा, आमच्यासाठी ते चालण्याइतकंच मोठं आहे.

आणखी एक भीती आहे. आधी असा उपचार घेतलेल्यांना नव्या उपचारांच्या पुष्कळ चाचण्यांत घेत नाहीत म्हणे. कोणाला असा नकार मिळालाय का?