दादा मासिलोंच्या ‘स्वान लेक’मधील टुटू
पुरुष नर्तकांना बॅलेचा टुटू (झालरीचा आखूड घागरा) घालणे ही निव्वळ धक्कातंत्राची क्लृप्ती आहे, असे एक मत ऐकू येते; ते मला पटत नाही. दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोत जन्मलेल्या दिवंगत नृत्यदिग्दर्शिका दादा मासिलो यांच्या २०१० मधील ‘स्वान लेक’मध्ये (त्याच नावाच्या प्रसिद्ध बॅलेच्या नव्या रूपात) स्त्री-पुरुष सगळेच टुटू घालून अनवाणी नाचतात आणि बॅलेच्या पदन्यासांत आफ्रिकी नृत्यातले जमीन दणाणवणारे पाय बेमालूम मिसळतात. पायाच्या बोटांच्या टोकांवर तोलून उभा राहतो तो मात्र ओडील (मूळ बॅलेतली राजपुत्राला भुलवणारी स्त्री), आणि इथे तो पुरुष आहे. कथेतल्या राजपुत्राचे मन त्याच्यावरच जडलेले असल्याने घरच्यांनी ठरवलेले लग्न फिसकटते. (पूर्वार्ध चांगलाच विनोदी आहे, हे मान्य.) अखेरीस मात्र लांब काळ्या घागऱ्यांतले नर्तक एस्टोनियन संगीतकार आर्वो पार्ट यांच्या संथ संगीतावर एकेक करून कोसळतात, एड्सने पोळलेल्या दक्षिण आफ्रिकेत त्याचा अर्थ कुणाला फोड करून सांगावा लागला नसेल.