लीड कंपाउंड, डॉकिंग, बाइंडिंग : मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, बी.फार्म.च्या मुलांसाठी नवीन औषध कसं शोधतात यावर मराठीत नोट्स लिहितोय आणि तीन शब्दांवर अडलोय. पहिला लीड कंपाउंड. एका मुलाने मशीनवर भाषांतर केलं तर आलं 'शिसे संयुग', आणि त्याने ते तसंच प्रोजेक्टमध्ये छापलं. इंग्रजी स्पेलिंग एकच असलं तरी हा लीड म्हणजे पुढे नेणारा, शिशाचा काही संबंध नाही. दुसरा डॉकिंग, तिसरा बाइंडिंग. सुचवा प्लीज.

प्रतिसाद :
'अग्रणी संयुग' वाचलंय पण कोणी बोलत नाही तसं. हजारो रेणू तपासले की ज्यांचा चाचणीत थोडाफार परिणाम दिसतो ते हिट, आणि त्यातला ज्याच्यावर पुढे वर्षं घालवावीत असा वाटतो तो लीड. आपण हुशार पोराला होतकरू म्हणतो ना, तसा 'होतकरू रेणू'. अजून औषध झालेला नाही हेही त्यात येतं.

प्रतिसाद :
होतकरू एकदम पटलं! डॉकिंगला गोदी वगैरे नको, सरळ 'बसवून पाहणे' म्हणा. कॉम्प्युटरवर प्रथिनाच्या खाचेत रेणू फिरवून फिरवून कसा बसतो ते बघायचं, एवढंच आहे ते, आणि ज्याला पोझ म्हणतात ती रेणूची 'बैठक'. रेणू आणि प्रथिनाला कुलूपकिल्लीची उपमा रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने 1894 मध्ये दिली, पण 1958 मध्ये कोशलंड या शास्त्रज्ञाने सांगितलं की रेणू आला की प्रथिनही आकार बदलतं, त्यामुळे नुसती कुलूपकिल्ली शिकवली तर मुलांना प्रथिन दगडासारखं घट्ट वाटतं.

प्रतिसाद :
बाइंडिंगला 'बंध' अजिबात नको, बंध म्हणजे बाँड. बरीचशी औषधं प्रथिनाला धरतात आणि सोडतात, पक्का बंध जोडणारं अॅस्पिरिनसारखं औषध वेगळं. माझं मत 'लागणे'. शास्त्रज्ञ पॉल एर्लिख 1913 मध्ये म्हणाला होता की पदार्थ चिकटल्याशिवाय काम करत नाहीत, आणि आपली आजी म्हणायची औषध लागू पडलं. दोन्ही शब्दांचं मूळ तेच!

प्रतिसाद :
सुंदर, पण जपून. लागू पडलं म्हणजे गुण आला, नुसतं लागणं वेगळं. मी क्रम असा लावते : कॉम्प्युटरवर रेणू बसतो, परीक्षानळीत लागतो, माणसात गुण येतो. या प्रत्येक पायरीवर कितीतरी रेणू गळतात म्हणून तिन्हीला एकच शब्द वापरू नका. रक्तदाबावरचं औषध कॅप्टोप्रिल बघा. ते शोधणाऱ्या कुशमन आणि ऑन्डेटी यांच्याकडे ते ज्याला अडवतं त्या विकराची (एन्झाइमची), म्हणजे रक्तदाब वाढवणाऱ्या एसीईची रचनाच नव्हती, त्यांनी कार्बॉक्सिपेप्टिडेज नावाच्या दुसऱ्या विकरावरून अंदाज बांधला, आधीचा होतकरू रेणू बेताचाच लागत होता, मग त्यातला कार्बॉक्सिल गट काढून तिथे गंधक असलेला थायॉल गट लावला, तो विकरातल्या जस्ताला घट्ट धरतो, आणि ताकद जवळपास हजारपट वाढली. अमेरिकेत 1981 मध्ये मंजुरी मिळाली. एसीईची रचना दिसली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2003 मध्ये.

मूळ प्रश्नकर्ता :
खूप आभार, बसतो-लागतो-गुण येतो हा क्रम तसाच घेतो. आयसी50, म्हणजे विकराचं काम निम्मं करायला रेणू किती लागतो तो आकडा, मात्र आयसी50च ठेवतो, त्याचं मराठी करून मुलांना पेपर वाचताना त्रासच. आणि रेणू औषध म्हणून चालेल का ते ढोबळमानाने ओळखायचे लिपिन्स्कीचे 'पाच नियम' (रूल ऑफ फाइव्ह) बरोबर ना?

प्रतिसाद :
नाही हो, नियम चारच आहेत! 1997 चे. रेणुभार 500 च्या आत, लॉगपी (रेणू पाण्यापेक्षा तेलात किती विरघळतो त्याचं माप) 5 च्या आत, हायड्रोजन बाँड देणारे जास्तीत जास्त 5, घेणारे जास्तीत जास्त 10. सगळे आकडे पाचच्या पटीत म्हणून ते नाव. 'पाचाचा नियम' लिहा, आणि तो तोंडाने घ्यायच्या औषधापुरता आहे हे नक्की टाका.

मूळ प्रश्नकर्ता :
अरे बापरे, दोन वर्षं पाच शिकवतोय, पाचवा विचारला तर मुलं गप्प बसायची. उद्याच वर्गात दुरुस्त करतो.