तिसरीतील मुलीसाठी शाळेतील क्लब कोणत्या निकषावर निवडावेत?

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार. माझी मुलगी या जूनपासून जळगावातील एका आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळेत तिसरीच्या वर्गात जाऊ लागली आहे. यापूर्वी ती पारोळ्याला मराठी शाळेत होती. तिथे मधल्या सुट्टीची घंटा झाली की मुले आपोआप पटांगणात पांगत आणि कोण काय खेळणार हे पालकांना विचारण्याची वेळ कधी येत नसे. नव्या शाळेने मात्र पहिल्याच आठवड्यात एक छापील तक्ता घरी पाठवला आहे. त्यात बुद्धिबळ, रोबोटिक्स, स्केटिंग, फुटबॉल, टेबल टेनिस, कथक, कीबोर्ड, इंग्रजी नाट्य, चित्रकला, योग, निसर्ग मंडळ आणि वक्तृत्व अशी बारा नावे आहेत. त्यांतील एक क्लब शाळेच्या वेळेत आणि दोन शाळा सुटल्यानंतर असे तीन निवडायचे असून नंतरच्या दोन्हींचे शुल्क वेगळे आहे. शिवाय त्या दोन दिवशी नेहमीची बस निघून गेलेली असल्यामुळे मुलीला आणायला आमच्यापैकी कोणाला तरी जावे लागेल.

घरात यावरून चार मते झाली आहेत. पत्नीला रोबोटिक्स हवे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाल्यापासून मला बुद्धिबळाचे वेड लागले आहे, हे मी कबूल करतो. आईने तक्ता ऐकून घेतला आणि "शायामा खेयाले बी पैसा लागतस का?" (शाळेत खेळायलाही पैसे लागतात का?) एवढेच अहिराणीत विचारले. ज्या मुलीसाठी हे सगळे चालले आहे तिने मात्र तक्ता दोनदा वाचून "यात खो-खो कुठे आहे?" असे विचारले आणि ती बाहेर निघून गेली.

आठ वर्षांच्या मुलीला किती क्लब झेपतात, निवड कशावरून करावी आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात हे क्लब खरोखरच बंधनकारक असतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त क्रीडाशिक्षक (भुसावळ)

मी एकतीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर काही काळ दोन इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मानधनावर मैदान सांभाळले, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या शाळा जवळून पाहिल्या आहेत. माझा सल्ला असा की तक्त्यावरील नावे बाजूला ठेवावीत आणि शाळेला एकच प्रश्न विचारावा: तासाच्या चाळीस मिनिटांपैकी माझ्या मुलीच्या वाट्याला प्रत्यक्ष किती मिनिटे येतात?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचा हिशोब मांडला की डोळे उघडतात. टेबल टेनिसचा क्लब घ्या. मुले तीस, टेबले दोन. वर्गातून येणे, बूट बदलणे आणि हजेरी यांत दहा मिनिटे जातात, म्हणजे खेळायला उरतात तीस. एका वेळी चार मुले खेळणार, तेव्हा प्रत्येकाला मिळतात चार मिनिटे, आणि जोड्या लावून खेळवले तर आठ. उरलेला वेळ मूल भिंतीला टेकून आपला नंबर कधी येतो याची वाट पाहते. क्रिकेटमध्येही दोघे फलंदाज, एक गोलंदाज आणि एक यष्टिरक्षक सोडले तर बाकीची लहान मुले बहुतेक वेळ उन्हात उभीच असतात. हा त्या खेळांचा दोष मानू नये. पाच-सहा मुलांना एक टेबल असेल तर टेबल टेनिससारखा डोळा आणि हात घडवणारा खेळ नाही. दोष मुलांची संख्या आणि साधने यांच्या प्रमाणात आहे, आणि ते प्रमाण माहितीपत्रकात कधी छापलेले नसते.

आता तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तुमच्या घरातील चार मतांपैकी मला तिचेच मत सर्वांत विचारपूर्वक वाटते. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात, त्यांतील आठ आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि समोरच्या संघाचे तीन जण एका वेळी पळतात. म्हणजे दोन खांब, थोडा चुना आणि मोकळी जमीन एवढ्यावर बारा मुले एकाच वेळी गुंतलेली राहतात. बसलेले मूलही रिकामे नसते. पाठीवर थाप पडून 'खो' कधी मिळेल हे त्याला ठाऊक नसते, मिळाल्यावर मधली रेषा ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय बदलता येत नाही. हे सगळे त्याला उठता उठता ठरवायचे असते. आठ वर्षांच्या मुलाला निर्णय घ्यायला शिकवणारा इतका स्वस्त वर्ग दुसरा कोणता आहे, ते मला अजून सापडलेले नाही. 'आंतरराष्ट्रीय' या शब्दावरच शाळेचे अडत असेल, तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात पुरुष आणि महिला अशी दोन्ही अजिंक्यपदे भारताने जिंकली आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचेच होते, हे त्यांच्या कानावर घालावे.

दुसरी बाब उन्हाची आहे, आणि पुण्या-मुंबईत तयार झालेल्या वेळापत्रकांत ती कधीच धरलेली नसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि मार्चच्या मध्यापासूनच दुपारचे मैदान मुलांच्या कामाचे राहत नाही. शाळा सुटल्यावर साडेतीनला भरणारा फुटबॉल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तम, पण पुढे तोच क्लब सकाळी सरकवणार, छपराखाली नेणार की नुसता बंद ठेवून शुल्क घेत राहणार, हे आताच विचारून घ्यावे. स्केटिंग काँक्रीटवर असेल तर दुपारी ते काँक्रीट किती तापते याचा अंदाज हात टेकवून घ्यावा. शिरस्त्राण आणि गुडघ्याची ढाल शाळेची आहे की तुम्ही आणायची, तेही विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वयोगटातील मुलांसाठी दररोज सरासरी किमान साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. आठवड्यातून दोन तासांच्या क्लबने ही गरज भागत नाही. त्यामुळे क्लब कोणताही घ्या, संध्याकाळी गल्लीत खेळणे त्यापायी बंद होता कामा नये.

धुळ्याची आई

सरांच्या म्हणण्यात माझ्या अनुभवाची भर घालते. माझ्या मुलाला दुसरीत असताना आम्ही हौसेने चार क्लब घेतले होते. माहितीपत्रकात पोहण्याच्या तलावाचे सुंदर छायाचित्र होते, पण धुळ्यात पाण्याची अडचण कोणाला नवी आहे? त्या वर्षी तलावात पाणी मोजून पाच आठवडे होते आणि उरलेले वर्ष पोहण्याच्या तासाला मुले व्हरांड्यात कॅरम खेळत होती. गुरुवारी दोन क्लब लागोपाठ असल्यामुळे मुलगा घरी येऊन जेवता जेवता झोपत असे. दिवाळीनंतर आम्ही तीन बंद केले आणि एकटी चित्रकला ठेवली. तो ती अजूनही करतो.

एक सूचना मात्र आवर्जून करते. बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाची पोलीस पडताळणी झाली आहे का आणि त्या तासाला शाळेची शिक्षिका हजर असते का, हे लेखी विचारावे. यात संकोच मानू नये.

सातपुडा (मूळ शहादा, सध्या नाशिक)

मी एका आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत प्राथमिक विभागाची समन्वयक आहे, त्यामुळे आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते.

प्रथम हे पाहावे की शाळेच्या नावातील 'इंटरनॅशनल' आणि तिचा अभ्यासक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भागातील अशा नावाच्या बऱ्याच शाळा सीबीएसईशी संलग्न आहेत आणि त्यात वावगे काहीच नाही, परंतु मग 'आमच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात क्लब सक्तीचे आहेत' हे कारण टिकत नाही. शाळा खरोखर आयबीची (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची) असेल, तर ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या तिच्या प्राथमिक कार्यक्रमात कला आणि वैयक्तिक, सामाजिक व शारीरिक शिक्षण हे अभ्यासविषयच आहेत. ते वर्गाच्या वेळेत आणि नेहमीच्या शुल्कातच शिकवले गेले पाहिजेत. पालकांना पुष्कळदा 'कॅस' नावाने जे सांगितले जाते, म्हणजे सर्जनशीलता, क्रीडा आणि सेवा यांची नोंदवही, ते १६ ते १९ वयोगटाच्या डिप्लोमा कार्यक्रमाचा भाग आहे. तिसरीतील मुलीच्या पालकांना त्याची धास्ती घालणे मला योग्य वाटत नाही. केंब्रिज या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या प्राथमिक टप्प्यातही शारीरिक शिक्षण, संगीत आणि चित्रकला यांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. थोडक्यात, शाळा सुटल्यानंतरचा क्लब ही शाळेने दिलेली जास्तीची सोय असते आणि ती घ्यायची की नाही हे पालकांनी ठरवायचे असते.

आता एक गोष्ट माझ्या अनुभवाची सांगते, ती थोडी विषयाच्या कडेची वाटेल. अशा शाळांत मुलांच्या घरची भाषा आणि परिसर अभ्यासात यावा, असे कागदोपत्री सगळेच म्हणतात, पण क्लबांच्या यादीत त्याचा मागमूस नसतो. आमच्याकडे एका शिक्षिकेने दोन वर्षांपूर्वी आजी-आजोबांच्या गोष्टींचा क्लब सुरू केला. पहिल्या तासाला एक मुलगा शाळेला अहिराणीत 'शाया' म्हणाला आणि लगेच जीभ चावून गप्प झाला, कारण घरी त्याला ती बोली शाळेत बोलू नकोस असे बजावले होते. मग शिक्षिकेने त्याच्या आजीलाच बोलावले. त्या माउलीने आखाजीचा (अक्षय तृतीयेचा) झोका आणि गौराईची गाणी अहिराणीतून सांगितली, आणि पुढच्या वेळी तीन आज्या न बोलावता आल्या. खर्च काहीच झाला नाही. अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत. त्याच धर्तीवर भित्तिपत्रकाचा क्लब कोणतीही शाळा आज सुरू करू शकते, त्यासाठी रोबोटिक्सच्या संचाएवढे पैसे लागत नाहीत.

आपल्या तक्त्यात निसर्ग मंडळ आहे, ते चौकशी करण्यासारखे वाटते. ते हिवाळ्यात मुलांना हतनूरच्या जलाशयावर स्थलांतरित पक्षी पाहायला नेणार असेल, तर अवश्य घ्यावे. वर्गात बसून पक्ष्यांची चित्रे रंगवणार असेल, तर तो चित्रकलेचाच दुसरा तास समजावा.

तापीकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. शाळेत विचारल्यावर ती सीबीएसईची असल्याचे कळले. टेबल टेनिसला अठ्ठावीस मुले आणि एक टेबल आहे, हेही कळले. सरांच्या हिशोबाने मुलीला दोन मिनिटे मिळाली असती. आता शंका शुल्काची उरली आहे. दोन्ही क्लबांचे पैसे वर्षाचे एकदम भरायला सांगितले असून पावती शाळेची न देता प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची मिळेल, असे कार्यालयातून सांगण्यात आले. हे नियमात बसते का?

हिशोबी (चाळीसगाव)

मी आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर एक वर्ष होतो. माझी निवड चिठ्ठी टाकून झाली होती, त्यात माझे कर्तृत्व काही नाही. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या शुल्कासाठी २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम आहे आणि त्यानुसार व्यवस्थापनाने सुचवलेले शुल्क या समितीपुढे मंजुरीसाठी ठेवावे लागते. म्हणून शाळेला दोन ओळींचे पत्र द्यावे आणि क्लबांचे शुल्क समितीपुढे ठेवले होते का, तसेच क्लब न घेतल्यास मुलीच्या वर्गातील कोणत्याही तासावर परिणाम होणार नाही ना, हे विचारावे. समितीच्या सदस्यांची नावे शाळेच्या सूचनाफलकावर असली पाहिजेत. तिथून एखाद्या पालक सदस्याला गाठले तर पत्राआधीच अर्धे उत्तर मिळते.

बाहेरच्या संस्थेच्या पावतीबाबत माझे मत स्पष्ट आहे. जागा शाळेची, वेळ शाळेने ठरवलेली आणि जबाबदारीही शाळेची असेल, तर पावतीही शाळेचीच मागावी. उद्या मूल पडून हात मोडला, तर संस्था शाळेकडे बोट दाखवते आणि शाळा संस्थेकडे. वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत, सत्राचे भरावेत. धुळ्याच्या ताईंचा तलाव लक्षात ठेवावा.

तापीकाठ (जळगाव)

कळवायला उशीर झाला, क्षमस्व. पत्र दिल्यानंतर आठवडाभराने शाळेने सत्राचे शुल्क घेण्याचे मान्य केले. पावतीबाबत अद्याप उत्तर आलेले नाही, त्यामुळे आम्ही शाळेनंतरचा एकही क्लब घेतलेला नाही. शाळेच्या वेळेत निसर्ग मंडळ घेतले आहे. हतनूरला नेण्याबाबत बाईंनी 'डिसेंबरात पाहू' असे सांगितले. रोबोटिक्स पुढच्या वर्षी पाहू, असे पत्नी म्हणते. बुद्धिबळ मी रात्री जेवणानंतर घरीच शिकवतो आणि मुलगी माझा वजीर मारायला शिकली आहे.

खो-खोसाठी नऊ पालकांच्या सह्यांचा अर्ज दिला, त्यावर 'दिवाळीनंतर विचार करू' असे उत्तर आले. तोपर्यंत आमच्या कॉलनीतील मोकळ्या भूखंडावर चुन्याने रेषा आखल्या आहेत. पहिल्या रविवारी चौदा मुले आली. खांब म्हणून सध्या बांधकामावरचे दोन वासे रोवले आहेत. ते चालतील ना, सर?

निवृत्त क्रीडाशिक्षक (भुसावळ)

वासे चालतील, पण आधी रंधा मारून गोल आणि गुळगुळीत करून घ्या, कारण मुले खांबाला हात घालूनच वळतात आणि कुसळ तळव्यात जाते. खांब जमिनीपासून १२० ते १२५ सेंटिमीटर उंच असावा आणि वरच्या टोकाला धार किंवा खिळा राहू नये. भूखंडावरची खडी वेचून घ्या, बसणाऱ्या मुलांच्या गुडघ्यांना तीच लागते. चौदा मुले असतील तर नऊ पाठलागाला, तीन पळायला आणि दोघांना गुण लिहायला बसवा, म्हणजे कोणी भिंतीला टेकून राहणार नाही. मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुलाकडे जळगावला येतो. सकाळी सातला मैदानावर मुले असतील तर कळवावे, शिट्टी माझ्याकडे आहे.