प्रति: प्राणी नाहीत, मग सर्कशीत बघायचं काय?

वर कुणीतरी विचारलंय, वाघ-सिंह गेले, आता सर्कशीत उरलं काय? माणसं उरली, आणि तीच बघायची असतात!

मे महिन्यात मुलांना घेऊन इमॅजिका या थीम पार्कला दोन दिवस राहिलो. परतताना ऐरोलीत तंबू दिसला, संध्याकाळच्या खेळाची तिकिटं काढली. जागा अगदी पुढची. झुल्यावर कसरत करणारी मुलगी शिडी चढण्याआधी तळहातांना पांढरी पावडर चोळत होती, बोटांच्या मुळाशी घट्टे पडलेले. वर उलटा लटकलेला जोडीदार बोटं नाही, मनगट पकडतो. घामाने बोटं निसटतात. एकदा पकड हुकलीच. ती जाळीत पाठीवर पडली (पायांवर पडलं तर घोटा जायचा), उठली आणि परत शिडी चढली. दुसऱ्यांदा जमलं तेव्हा माझी लेक उभी राहून टाळ्या वाजवत होती. दोन दिवस राइड्सवर पट्टे बांधून ओरडलो, पण असा श्वास कुठेच अडकला नव्हता.

विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली भारतीय सर्कस काढली, म्हणजे ही परंपरा मराठी माणसाने सुरू केलेली. जवळपास तंबू लागला तर मुलांना जरूर न्या. कडेच्या खुर्च्या घ्या, झुल्याची झेप बाजूनेच नीट दिसते.