वॅटवर जाऊ नका

"६० लिटरच्या टाकीवर ९० वॅटचा एलईडी आहे, प्रवाळाला पुरेल का?" असं तुम्ही तुमच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीबद्दल विचारलंय. याचं उत्तर वॅटमधून मिळणार नाही. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालापर्यंत किती उजेड पोचतो, ते पार (PAR) मीटर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड मोजणारं यंत्र, सांगतो.

मोबाईलवरच्या लक्स अ‍ॅपने उजेड मोजा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. तो या बाबतीत फसवा. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे, त्यात हिरव्याला वजन जास्त, निळ्याला फारच कमी. आणि रीफचे, म्हणजे प्रवाळांच्या टाकीचे, दिवे तर निळेच असतात! मीटर महाग पडतो, त्यामुळे कुणाकडून तरी एका दिवसासाठी मागून आणा. पंप चालू ठेवून, जिथे प्रवाळ बसवायचा नेमक्या त्या दगडावर सेन्सर धरा. दिव्याखालचा मध्य आणि टाकीचा कोपरा यांत निम्म्याहून जास्त फरक निघू शकतो. ढोबळमानाने मऊ प्रवाळांना ५० ते १०० पार, अ‍ॅक्रोपोरासारख्या कडक प्रवाळांना २०० ते ३५० पार लागतो.

मीटर नसेल तर प्राण्याकडे बघा. झोअँथिड (फुलासारखा दिसणारा प्रवाळाचा नातलग) देठ ताणून वर येत असेल तर उजेड कमी पडतोय. अ‍ॅक्रोपोरा तपकिरी पडला तर लगेच दिव्याला दोष देऊ नका, पाण्यातलं नायट्रेट वाढल्यानेही तसं होतं. पांढरा पडायला लागला तर उजेड जास्त झालाय का, हे आधी तपासा. नवा दिवा कमी तीव्रतेवर सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवा.

आणि तुम्ही परदेशात आहात म्हणून हे सगळं लिहिलं. भारतात प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, समुद्रातून उचलून आणायचा विचारही नको.