इथिओपियात तोडणी सुरू झाली, तर कच्ची कॉफी आत्ताच मागवावी का? (सल्ला हवा)

एल्बेकाठची

नमस्कार मंडळी. मी हॅम्बुर्गला असते. तीन वर्षं घरी पाव किलोच्या यंत्रावर कॉफी भाजत होते. आता ओळखीच्या दोन कॅफेंनी आठवड्याला मिळून २० किलो मागितलीय, म्हणून धीर करून ५ किलोचं यंत्र घेतलं. भाजलेल्या कॉफीवर इथे किलोला २.१९ युरो सरकारी कर आहे, कच्च्या बियांवर नाही. म्हणजे माल घेताना चुकले, तर भाजून विकताना त्या चुकीवर करही भरायचा.

दोन्ही कॅफेंना इथिओपिया हवी आहे, फुलांच्या वासाची, तिथल्या यिर्गाचेफे भागातल्यासारखी. तिकडे ऑक्टोबर ते जानेवारी तोडणी असते असं वाचलं. ऑक्टोबर संपत आलाय. नोव्हेंबरात सांगून ठेवलं तर नाताळाला ताजा माल हातात येईल ना? चार-पाच पोती घ्यायचा विचार आहे. कोणी घेतली असेल तर सांगा, काय बघायचं, काय विचारायचं.

भाजणीवाला

ताई, नाताळ विसरा. कुठल्या नाताळाचं ते सांगितलं नाहीत म्हणून बरं :)

मी लीड्सला सहा वर्षं भाजतोय आणि पहिल्या वर्षी हीच चूक केली होती. आंब्यासारखं झाडावरून उतरवलं, पेटी भरली, वाशीला पोचली, असं यात नसतं. फळ तोडलं की साल काढून, आंबवून, धुऊन उंच मांडवांवर वाळवायचं, त्यात दहा-पंधरा दिवस जातात. न सोलता अख्खं फळ वाळवायचं असेल (नॅचरल) तर तीन-चार आठवडेही. मग टरफलासकट कोठारात विश्रांती. मग ट्रकने आदिस अबाबा, तिथे टरफल काढणं, निवडणं, सरकारी तपासणी. तिथून जिबुतीचं बंदर, कारण देशाला स्वतःचा किनारा नाही. पहिले कंटेनर फेब्रुवारी-मार्चमध्ये हलतात, बराचसा माल त्यानंतर जुलैपर्यंत. युरोपात वखारीत पोचेपर्यंत एप्रिल-मे ते ऑगस्ट-सप्टेंबर.

त्यात लाल समुद्रात २०२३ च्या शेवटी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. जिबुतीहून हॅम्बुर्गला यायला केप ऑफ गुड होप! नकाशा काढून बघा, डोकं धरून बसाल.

म्हणजे आत्ता कोणी तुम्हाला ‘ताजी इथिओपिया’ देत असेल तर ती गेल्या हंगामाची आहे. त्यात वाईट काही नाही. फक्त ती कधी पोचली आणि कशी ठेवली ते विचारा.

पेठेतला_चहावाला

चिकमगळूरहून घ्या, रात्रीच्या गाडीने येते.

भाजणीवाला

हॅम्बुर्गला रात्रीची गाडी कुठली हो? (चिकमगळूरची कॉफी चांगलीच असते, पण कॅफेवाल्याने मोगरा मागितला तर त्याला जायफळ कसं द्यायचं?)

आदिस_ते_अकोला

मी आदिसला चार वर्षं होतो, कॉफीच्या धंद्यात नाही, बांधकामात. पण तिथे राहून कॉफीपासून लांब कोण राहणार! सुट्टीत दक्षिणेकडे बराच हिंडलो.

यिर्गाचेफे हे नाव जरा जपून घ्या. तो गेदेओ भागातला एक तालुका आहे, पण बाजारात ते नाव आपल्याकडच्या ‘देवगड’सारखं झालंय. पेटीवर देवगड, आत कर्नाटकचा आंबा. शेजारच्या भागांतला मालही त्या नावाने खपतो. म्हणून नुसतं यिर्गाचेफे लिहिलं असेल तर पुढे विचारा: कोचेरे, गेदेब की आणखी कुठलं? धुण्याचं केंद्र कुठलं? २००८ साली तिथे सरकारी कमोडिटी एक्स्चेंज (शेतमालाचा बाजार) सुरू झालं, तेव्हा कॉफी प्रदेश आणि प्रतवारीनुसार एकत्र व्हायची आणि मूळ गावाचा माग पुसला जायचा. २०१७ नंतर नियम सैल झाले, आता केंद्रापर्यंतचं नाव मिळायला हरकत नाही. ज्याला सांगता येत नाही त्याला एकतर माहीत नाही किंवा सांगायचं नाही.

माझं ऐकाल तर शेजारचा गुजी भाग बघा. त्यातलं शाकिसो, उरागा, हाम्बेला. वास तितकाच, गोडवा थोडा जास्त, आणि नावाचे पैसे कमी लागण्याची शक्यता. सिदामामध्ये बेन्सा.

एल्बेकाठची

बाप रे, बरं झालं विचारलं. मग आत्ता काय करू? कॅफेवाले एप्रिलपर्यंत थांबणार नाहीत. आणि थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं माझं स्वप्न होतं, त्याचं काय?

भाजणीवाला

आधी हिशोब. भाजताना १४-१५ टक्के वजन उडतं. तुम्हाला २० किलो भाजलेली हवी म्हणजे साडेतेवीस किलो कच्ची. ६० किलोचं पोतं अडीच आठवडे पुरेल. नोव्हेंबर ते एप्रिलअखेर साधारण दहा पोती झाली. २० फुटी कंटेनरमध्ये बसतात ३२०. तेव्हा थेट शेतकऱ्याचं स्वप्न तूर्त उशाशी ठेवा. तुमच्याच गावात युरोपातल्या मोठ्या कॉफीबंदरांपैकी एक आहे, आयातदारांच्या वखारी आहेत, तिथे पडलेला माल पोत्यापोत्याने मिळतो. याला ‘स्पॉट’ म्हणतात. दर थोडा जास्त, पण डोळ्यांसमोरचा माल.

दहाही पोती इथिओपियाची आत्ताच घेऊ नका. चार घ्या, उन्हाळ्यात पोचलेली. उरलेल्या हिवाळ्यासाठी रवांडा किंवा बुरुंडी बघा. त्यांची तोडणी मार्चपासून जून-जुलैपर्यंत, म्हणजे माल युरोपात याच दिवसांत उतरतो. आपल्याकडे नाही का, हापूस संपला की जुन्नरचा. तिकडच्या कॉफीत एक खोड असते, एखाद्या दाण्याला कच्च्या बटाट्याचा वास येतो आणि तो अख्खा कप नासवतो. दळल्यावर हुंगायची सवय लावा, बरणीभर कॉफी टाकावी लागत नाही, तेवढं दळलेलं फेकायचं.

काय विचारायचं, तर: कुठल्या महिन्यात वखारीत आली. ओलावा किती (१० ते १२ टक्क्यांत हवा). वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी, किती (०.६० च्या खाली). पोत्याच्या आत हवाबंद प्लॅस्टिकची पिशवी आहे की नुसतं तागाचं पोतं. ग्रेड वन म्हणजे दोष कमी, एवढंच धरा, चव स्वतः बघा. आणि सँपल आजच्या पोत्यातलं मागा, जहाजावर चढण्याआधीचं नको. मला एकदा एका आयातदाराने निघण्याआधीचं सँपल दिलं, चमेलीचा घमघमाट. पोती आली ती जुन्या रद्दीच्या वासाची. भांडायला कागदावर काही नव्हतं, कारण मी काही लिहूनच घेतलं नव्हतं.

नैरोबीकर

उशिरा आलो. केनियाचं कोणी बोललंच नाही! इकडेही मुख्य पीक ऑक्टोबर ते डिसेंबरच, आणि एक छोटं पीक एप्रिलपासून जूनपर्यंत. बराचसा माल नैरोबीच्या लिलावात जातो, मंगळवारी. न्येरी, किरिन्यागा इथला चांगला लॉट असेल तर ब्लॅककरंट (एक आंबटगोड काळं फळ) आणि टोमॅटोची चव. पण ‘एए’ पाहून भुलू नका, ते दाण्याचं माप आहे, चवीचं नव्हे. एबी, म्हणजे जरा लहान दाणा, अनेकदा स्वस्त आणि तितकीच चांगली निघते.

मात्र फुलांचा वास मागणाऱ्या गिऱ्हाइकाला केनिया देऊ नका, तोंड वाकडं करेल.

एल्बेकाठची

सगळ्यांचे आभार. आज दोन वखारींना पत्रं धाडली. एकाने तासाभरात ओलावा, पोचल्याचा महिना, केंद्राचं नाव, सगळं पाठवलं. उरागाची धुतलेली, ऑगस्टमध्ये आलेली. दुसऱ्याने उत्तर दिलं, ‘क्वालिटी एकदम प्रीमियम आहे’. पहिल्याकडून ३०० ग्रॅम सँपल मागवलंय.

नव्या पिकासाठी पैसे आत्ताच अडकवू का? दर खाली येईल म्हणतात.

भाजणीवाला

दराचं भाकीत करणाऱ्याला हात जोडा. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती, तेव्हा भल्याभल्यांचं गणित कोलमडलं. आगाऊ नोंदवायचंच असेल तर दोन-तीन पोती नोंदवा, आणि करारात स्पष्ट घाला: सँपल पसंत पडलं तरच सौदा, नाही पडलं तर नाही. चांगले आयातदार याला कुरकुर करत नाहीत.

आदिस_ते_अकोला

एक राहिलंच. २०२३ च्या मार्चमध्ये एका मित्रासाठी सँपल आणलं, पाकिटावर पिकाचं साल २०१५. आठ वर्षं जुनी कॉफी गळ्यात मारली म्हणून तो माझ्यावर उखडला. इथिओपियाचं पंचांग आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं, नवीन वर्ष सप्टेंबरात. तुम्हाला २०२५-२६ च्या नव्या पिकाचं सँपल येईल तेव्हा वर २०१८ लिहिलेलं असेल. परत पाठवू नका.