निवृत्त शिक्षक आणि बेसबॉल स्काउट : आठवण कशी लिहावी?

प्रश्न :
माझ्या मुलाला अमेरिकेतील शाळेत भूमिती शिकवणारे सर गेल्या महिन्यात वारले. निवृत्तीनंतरही ते शाळेच्या मैदानावर होम प्लेटमागच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेमागच्या) जाळीपलीकडे, घडीची खुर्ची टाकून, हातात स्टॉपवॉच घेऊन बसलेले दिसत. ते एका व्यावसायिक बेसबॉल संघासाठी अनेक वर्षे स्काउट होते, हे मला त्यांच्या निधनाच्या बातमीतूनच कळले. स्मरणपुस्तिकेसाठी पालकांकडून आठवणी मागवल्या आहेत. मी क्रिकेट पाहत वाढले. त्यामुळे हे काम नेमके काय असते आणि शिक्षकाविषयी लिहिताना त्याला किती जागा द्यावी, हे उमगत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
होतकरू खेळाडू हेरून त्यांच्याविषयी संघाला लेखी कळवणे, हे स्काउटचे काम. शाळेचे सामने दुपारनंतर होतात आणि उन्हाळ्यात सुट्टी असते, म्हणून अनेक शिक्षकांनी ते अर्धवेळ केले आहे. १९६५ मध्ये ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची फेरीनिहाय निवड, सुरू होण्यापूर्वी स्काउट खेळाडूच्या घरी जाऊन थेट करार करून घेऊ शकत असे. त्यानंतर संघ पाळीपाळीने निवड करू लागले आणि स्काउटच्या हाती शिफारस तेवढी उरली.

फटकेबाजी, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण यांना २० ते ८० या मापात गुण देतात. यातले ५० म्हणजे मेजर लीगमधला (सर्वोच्च व्यावसायिक स्तरावरचा) सरासरी खेळाडू, त्यामुळे शाळेत गाजणाऱ्या मुलाच्या नावापुढेही बहुधा ३५ किंवा ४०च लिहावे लागतात. शिवाय एकेका कौशल्याला दोन आकडे असतात : आजचा आणि पुढे होऊ शकेल तो. उजव्या हाताने खेळणारा बॅटर फर्स्ट बेसपर्यंत, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, साधारण ४.३ सेकंदांत पोहोचला की वेग सरासरी, हे स्टॉपवॉच सांगते. सतरा वर्षांचा मुलगा बाविसाव्या वर्षी कसा असेल, हे मात्र माणसालाच ताडावे लागते. माझ्या मते सरांना वर्गातही हेच करावे लागत असणार, म्हणून दोन्ही कामांसाठी वेगवेगळे परिच्छेद करू नका.

प्रतिसाद २ :
माझे शालेय शिक्षण अमेरिकेत झाले आणि मी कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) होतो. आमच्याकडेही असेच एक शिक्षक होते. सेकंड बेसकडे केलेली माझी फेक २.३ सेकंद घेत असे. व्यावसायिक खेळात सुमारे दोन सेकंद लागतात. त्यांनी घड्याळ माझ्यासमोर धरले आणि कॉलेजचा अर्ज भरायला सांगितले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. पुढच्या तासाला मात्र त्यांनी फळ्यावर बेसबॉलचा चौकोन काढला, प्रत्येक बाजू ९० फूट, आणि होम प्लेटपासून सेकंड बेसचे अंतर मला काढायला लावले. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण १२७ फुटांहून थोडा अधिक येतो. आपण रोज किती लांब फेकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

प्रतिसाद ३ :
एक सावधगिरी बाळगावी. 'अमुक खेळाडू सरांनीच शोधला' असे खात्रीशिवाय लिहू नये, कारण एकाच मुलावर अनेकांची नजर असते आणि श्रेयावरून वाद होतात. अंदाज सगळ्यांचेच चुकतात : कॅचर माइक पियाझा १९८८ च्या ड्राफ्टमध्ये अगदी उशिरा, ६२व्या फेरीत निवडला गेला आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानयादीत) पोहोचला.

प्रश्नकर्ती :
सर्वांचे मनापासून आभार. काल मुलाला विचारले, तर तो म्हणाला की सर चाचणीची वेळही त्याच स्टॉपवॉचवर लावीत, पण वेळ संपल्यावर ते खिशात ठेवून खिडकीबाहेर पाहत राहत आणि शेवटचे गणित पूर्ण होईपर्यंत कोणाचाही कागद ओढून घेत नसत. मी तेवढेच लिहून पाठवणार आहे.